मांडणीची नीती

नवा धंदा निघाला म्हणजे त्याच्याबरोबर नवी नीती निघते असे नाही. परंतु नीतीचे जुनेच प्रश्न अशा नव्या वेषात पुढे येऊन उभे राहतात, की ते जुनेच आहेत हे ओळखावयास काही काळ जावा लागतो. वैद्य, वकील, शिक्षक आणि सावकार यांनी आपापल्या धंद्यात काय करावे व काय करू नये, याविषयी समाजाने शेकडो वर्षे विचार केला आहे. त्या विचारांपैकी काहींचे कायदे झाले, काहींच्या म्हणी झाल्या. उलट गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वाढीस लागलेला एक धंदा असा आहे, की तो आज आपल्या जेवणाच्या ताटाशेजारी आणि उशाजवळ येऊन बसला आहे. आणि तरीही त्याच्या नीतीविषयी आपण सुशिक्षित मध्यमवर्गीयांनी फारसा विचार केलेला नाही. वेबसाइट आणि मोबाइलवरील अॅप यांची मांडणी करणारा, ज्यास त्यातले लोक 'यूएक्स' म्हणतात, तो हा धंदा होय. पुण्यामुंबईकडील पुष्कळ घरांतील एखादा मुलगा वा मुलगी आज या कामावर आहे. आईबापांस पगार ठाऊक असतो, काम ठाऊक नसते.

आम्हांसही ते ठाऊक नव्हते. २०२३ सालच्या दिवाळीच्या सुटीत आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली. तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ती बी. ए. झाली, पुढे मांडणीच्या विद्येचे शिक्षण घेतले, आणि आता हिंजवडीच्या बाजूस एका कंपनीत चांगल्या पगारावर आहे. तत्त्वज्ञानाच्या पदवीधरास विचारणारा एक तरी धंदा निघाला याचे आम्हांस मोठे समाधान वाटे, व वर्गात तिचे उदाहरण आम्ही हौसेने देत असू. चहा झाल्यावर तिने मनातील गोष्ट काढली. तिच्या कंपनीकडे लहान मुलांच्या अभ्यासाच्या एका अॅपचे काम होते. पालकांनी महिन्याची वर्गणी भरावयाची आणि ती त्यांच्या बँकखात्यातून आपोआप कापली जावयाची, अशी त्याची व्यवस्था. वर्गणी बंद करणाऱ्या पालकांची संख्या वाढू लागली, तेव्हा ती कमी करण्याचे काम हिच्याकडे आले. अभ्यास अधिक चांगला करून ती संख्या कमी करणे हे दुसऱ्यांचे काम. हिने ते केवळ मांडणीने साधावयाचे होते, आणि तिने ते साधले. 'वर्गणी बंद करा' हे शब्द पांढऱ्या पडद्यावर फिकट करड्या अक्षरांत अगदी तळाशी गेले. त्यांवर बोट ठेवले म्हणजे एकामागून एक चार पडदे येऊ लागले. शेवटच्या पडद्यावर दोन उत्तरे राहिली: ठळक हिरव्या बटणावर 'वर्गणी चालू ठेवा', आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत, 'नको, माझ्या मुलाच्या प्रगतीची मला पर्वा नाही.'

"सर," ती म्हणाली, "यात मी एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाही. वर्गणी किती, ती केव्हा कापणार, कशी बंद करायची, सगळं लिहिलेलं आहे. मग याला असत्य म्हणायचं का?"

आम्ही पडलो शिक्षक. कांटचा आधार घेऊन आम्ही दहा मिनिटे बोललो. माणसास केवळ साधन म्हणून वापरू नये, त्याच्या विवेकास वगळून त्याच्याकडून काही करवून घेणे म्हणजे त्याचा अपमानच होय, असे सर्व सांगून शेवटी, अशी नोकरी सोडून द्यावी असाही उपदेश केला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला. "घराचे हप्ते अजून सोळा वर्षं आहेत, सर, आणि बाबांना पेन्शन नाही," एवढेच ती म्हणाली. मग जरा थांबून हसत हसत म्हणाली, "आपल्या कॉलेजच्या प्रवेश-अर्जात ग्रंथालय-निधीची एक चौकट असायची ना, तिच्यात आधीच खूण केलेली असायची. मी तीन वर्षं ते पैसे भरले. ते ऐच्छिक होते हे मला कॉलेज सोडल्यावर कळलं."

अर्जातील त्या चौकटीत खूण आधीच करून ठेवावी, ही सूचना प्रवेश-समितीत आमचीच होती. तिला हे ठाऊक नव्हते, आणि त्या दिवशी आम्ही तिला ते सांगितले नाही.

तिचा प्रश्न आणि आमचे मौन, या दोहोंतून हा लेख निघाला आहे.

या धंद्याचा उगम पाहिला तर तो मोठा सात्त्विक आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्या देशात हिंडले आणि आपल्या पाहणीचा एक अहवाल त्यांनी लिहून दिला. अहमदाबादेस १९६१ साली निघालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे मूळ त्या अहवालात आहे. येथे पाहिलेल्या वस्तूंत सर्वांत सुंदर कोणती, तर त्या दोघांस आपल्या घरातील साधा तांब्या वाटला. तो कमरेवर कसा बसेल, डोक्यावर कसा तोलेल, भरला असता आणि रिकामा असता त्याचा तोल कसा राहील, त्यातून पाणी कसे पडेल, तो हातास कसा लागेल, घासावयास कसा पडेल, त्यास खर्च किती येईल, अशा किती प्रश्नांची उत्तरे त्या एका आकारात सामावली आहेत, याचा विचार त्यांनी केला. कोणा एका कारागिराने तो आकार शोधलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांच्या हातांनी तो घडविला. वापरणाराची सोय हीच तेथे कर्त्याची आज्ञा होती.

पुढे १९८८ साली डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नित्याच्या वस्तूंच्या मानसशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. दार ढकलावयाचे की ओढावयाचे हे कळेनासे होऊन माणूस दारापुढे गोंधळतो व मनात स्वतःस मूर्ख म्हणतो. नॉर्मन यांचे म्हणणे असे, की मूर्ख माणूस नव्हे, दार आहे. माणूस वारंवार एकाच ठिकाणी चुकत असेल तर दोष वस्तूच्या मांडणीत शोधावा. १९९३ साली ते ॲपल कंपनीत गेले, तेव्हा त्यांनी आपल्या हुद्द्याच्या नावातच 'यूजर एक्स्पीरिअन्स' हे शब्द घातले, व तेथून ते जगभर रूढ झाले. माणूस थकतो, विसरतो, घाईत असतो, त्याची दृष्टी मंद असते, हे सर्व गृहीत धरून त्याच्यासाठी वाट सोपी करणे, हा या विद्येचा मूळ धर्म होय. या धर्मात करुणा आहे. रेल्वेच्या आरक्षणासाठी रात्र रात्र रांगेत उभे राहिलेल्या आमच्या पिढीस तिची किंमत विशेष कळावी.

परंतु माणूस कोठे चुकतो हे ज्यास कळले, त्यास ती चूक टाळता येते, तशीच ती घडविताही येते. १९५४ साली पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने हाताच्या हालचालींचे मापन करून असा नियम बसविला, की लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका तेथे पोचावयास हातास अधिक वेळ लागतो. या नियमाच्या आधारे आवश्यक ते बटण मोठे व जवळ ठेवता येते. आमच्या विद्यार्थिनीने तोच नियम उलटा लावला, आणि वर्गणी बंद करण्याची वाट लहान केली व दूर नेली. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा एकाच वैद्यकाच्या पोथीत सापडावी, तशातली ही गोष्ट. अशा रचनांस हॅरी ब्रिग्नल या इंग्रज तज्ज्ञाने २०१० साली 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. आपण त्यांस कपटरचना म्हणू.

या कपटाचे एक मोठे उदाहरण जगापुढे आले आहे. अमेरिकेच्या व्यापार-आयोगाने जून २०२३ मध्ये ॲमेझॉन कंपनीवर फिर्याद लावली. 'प्राइम' नावाच्या वर्गणीत लोकांस त्यांच्या स्पष्ट संमतीवाचून गुंतविले जाते, आणि त्यांस बाहेर पडता येऊ नये अशी वाट मुद्दाम अवघड केली आहे, असा आयोगाचा आरोप होता. वर्गणी रद्द करावयास चार पाने, सहा टिचक्या आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत, असे फिर्यादीत म्हटले होते. या मार्गास कंपनीत 'इलियड' या नावाने ओळखीत, हेही तिच्यात नमूद होते. दहा वर्षे चाललेल्या युद्धावरील होमरच्या महाकाव्याचे नाव! कंपनीने दोष कबूल केला नाही. तथापि सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलर देऊन तिने प्रकरण मिटविले. आम्हांस त्या रकमेपेक्षा त्या नावाचे नवल अधिक वाटते. नाव कोणीही ठेवले असो, त्यास होमर ठाऊक असला पाहिजे, आणि आपण वाट लांब करतो आहो हेही ठाऊक असले पाहिजे. अज्ञानाने घडलेल्या गोष्टीस असे चपखल नाव सुचत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकही अक्षर खोटे नसता असत्य घडते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आम्ही उगाच कोनिग्सबर्गपर्यंत गेलो. ते आपल्या घरातच होते. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावे म्हणून अश्वत्थामा नावाचा हत्ती मारण्यात आला, आणि धर्मराजाने आचार्यांस सांगितले की अश्वत्थामा मेला. हत्तीचा उल्लेख त्याने केला. परंतु तो ऐकू जाऊ नये इतक्या हळू केला. शब्दांची मोजदाद केली तर धर्मराज पूर्ण सत्य बोलला. तथापि आजवर जमिनीच्या चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भूमीस टेकला, असे व्यासांनी लिहिले आहे. असत्य शब्दांत नव्हते. कोणता शब्द मोठ्याने उच्चारावा आणि कोणता हळू, या निवडीत ते होते. पडद्यावरील फिकट करडी अक्षरे म्हणजे हळू उच्चारलेला शब्द होय. 'आम्ही तर सर्व लिहिले होते' हे समर्थन धर्मराजासही करता आले असते.

म्हणून सत्याची कसोटी आम्ही अशी मांडतो: मी काय लिहिले, एवढ्यावर माझी सचोटी ठरत नाही; मी लिहिलेले वाचून समोरच्याने काय समजावे अशी माझी इच्छा होती, यावर ती ठरते. आणि मांडणी म्हणजे या इच्छेचेच दृश्य रूप असल्यामुळे मांडणी करणारास 'मी केवळ अक्षरांचे रंग निवडले' असे म्हणून सुटता येत नाही.

यावर तीन आक्षेप येतात, व तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप व्यवहारज्ञांचा. ते म्हणतात, दुकानदार हे पूर्वीपासून करीत आले. कापडवाला चांगले लुगडे वर ठेवतो, विरलेले आत घालतो. भाजीवाली ताजी मेथी पुढे मांडते. गिऱ्हाईक अजाण नसते, त्याने डोळे उघडे ठेवावेत. हे खरे आहे. पण दुकानात दोन माणसे समोरासमोर असतात. गिऱ्हाईक दुकानदाराचा चेहरा वाचते, फसले तर दुसऱ्या दिवशी येऊन भांडते, आणि आळीत सांगते. दुकानदारासही त्याच आळीत राहावयाचे असते. पडद्याच्या बाबतीत एका बाजूस रात्री दहा वाजता दमलेल्या एका आईचे दोन डोळे, आणि दुसऱ्या बाजूस लाखो लोकांच्या बोटांच्या हालचालींचा हिशेब, असा सामना असतो. शिवाय ती मांडणी कोणा एकाने कपट योजूनच केलेली असते असेही नाही. या धंद्यात अशी रीत आहे, की एका पडद्याची दोन रूपे करावयाची, निम्म्या लोकांस एक व निम्म्यांस दुसरे दाखवावयाचे, आणि ज्यात आकडा वाढेल ते ठेवून दुसरे टाकून द्यावयाचे. आज एक अक्षर फिकट झाले, आकडा वाढला. उद्या एक पडदा वाढला, आकडा आणखी वाढला. असे करीत करीत सहा महिन्यांत पुरता सापळा तयार होतो, आणि 'सापळा कर' असे कोणीच कोणास सांगितलेले नसते. ईम्स दांपत्यास आवडलेला तांब्याही असाच पायरीपायरीने घडला होता. पण तेथे प्रत्येक पायरीस वापरणाराचा हात पसंती देत होता, येथे ती मालकाचा आकडा देतो. लुच्च्या दुकानदारास आपण लुच्चेपणा करतो हे निदान ठाऊक असे. या नव्या रीतीत पाप होते आणि पापी सापडत नाही, ही आमच्या मते यातील सर्वांत भयंकर गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप नोकरदारांचा, आणि तो आमच्या घरांतील मुलांचा आहे. ते म्हणतात, आम्ही सांगितलेले काम करतो, जबाबदारी सांगणाऱ्याची. यास कोणी कोणी गीतेचाही आधार देतात, की कर्म आपले, फळाशी आपणांस कर्तव्य नाही. आम्हांस हा अर्थ मान्य नाही. स्वतःस मिळावयाच्या फळाची आसक्ती सोडावी, असा तो उपदेश आहे. आपल्या कर्माने दुसऱ्यावर काय ओढवते तिकडे डोळेझाक करावी, असा नव्हे. या धंद्यातील पगारवाढ तर पुष्कळदा त्या आकड्याशीच बांधलेली असते. तेव्हा तेथे फलाशा सुटली आहे असेही म्हणता येत नाही. धर्मराजासही असेच म्हणता आले असते, की सल्ला कृष्णाचा, हत्ती मारला भीमाने, गरज सर्व सैन्याची. परंतु टेकला तो त्याचाच रथ.

येथे मात्र आम्हांस आमच्या पहिल्या उपदेशाची लाज वाटते. 'नोकरी सोड' हे पेन्शनची सोय असलेल्या माणसाने, हप्ते भरणाऱ्या मुलीस सांगणे फार स्वस्त असते. होकार आणि राजीनामा यांच्यामध्ये पुष्कळ पायऱ्या आहेत. विचारता येते, लेखी विचारता येते, दोन रचना पुढे ठेवून त्यांपैकी प्रामाणिक कोणती हे नोंदविता येते, एखादे विशिष्ट वाक्य लिहिणार नाही, असे सांगता येते. वैद्यास व वकिलास नकार देण्याचे बळ येते, कारण त्यांच्या पाठीशी त्यांच्या धंद्याची संहिता आणि परिषद असते. मांडणी करणाराच्या पाठीशी तसे काही नाही. हे बळ एकट्याच्या धैर्यातून नेहमीच येईल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ते समाजाने पुरविले पाहिजे. त्या दृष्टीने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी आपल्याकडील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली त्यांचे महत्त्व आहे. त्यांत तेरा कपटरचना नावांनिशी सांगितल्या आहेत. वर्गणीचा सापळा त्यांत आहे, खोटी घाई त्यांत आहे, आणि नकार देणारास खजील करणारे वाक्यही आहे. विमानाच्या तिकिटाबरोबर विमा न घेणारास 'मी असुरक्षित राहीन' असे म्हणावयास लावणे, हे त्याचे उदाहरण तेथे दिले आहे. त्याच वर्षीच्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात असेही तत्त्व आले आहे, की संमती जितक्या सहजतेने देता येते, तितक्याच सहजतेने ती मागे घेता आली पाहिजे. या एका वाक्यात आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या दारांची रुंदी सारखी करण्याचे तत्त्व आहे, आणि ते माहितीपुरतेच मर्यादित राहू नये असे आम्हांस वाटते.

ती यादी वाचीत असता आम्ही एका ठिकाणी थांबलो. गिऱ्हाइकाच्या संमतीवाचून त्याच्या टोपलीत हळूच काही घालणे, ही त्यांपैकी एक कपटरचना. आणि अशा घातलेल्या वस्तूंत दानधर्माच्या रकमेचाही स्पष्ट उल्लेख आहे. आमच्या कॉलेजची चौकट त्या व्याख्येत काटेकोरपणे बसते की नाही, हे वकील ठरवोत. आम्हांस स्वतःपुरते ते ठरवावयास वकील लागला नाही.

येथून तिसरा आक्षेप सुरू होतो, आणि तो आमचाच आहे. मालकाच्या नफ्यासाठी केलेले कपट वाईट, हे मान्य. पण हेतू चांगला असेल तर? ग्रंथालयास पुस्तके हवी होती. रक्कम थोडी होती. मुलांस विचारले असते तर त्यांतील पुष्कळांनी दिलीही असती. केवळ आळसाने ती राहून जात होती. त्या आळसासच आम्ही कामाला लावले. या युक्तीचे बळ मोठे असते. जॉन्सन व गोल्डस्टीन या संशोधकांनी २००३ साली दाखविले, की मरणोत्तर अवयवदानास संमती असलेल्यांचे प्रमाण जर्मनीत शेकडा १२ होते, तर शेजारच्या ऑस्ट्रियात ते शेकडा ९९.९८ होते. जर्मन माणूस निर्दय आणि ऑस्ट्रियन दयाळू, असे काही नाही. जर्मनीत संमती स्वतः होऊन नोंदवावी लागे. ऑस्ट्रियात नकार न नोंदविणाराची संमती गृहीत धरली जाई. थेलर आणि सनस्टीन यांनी २००८ साली 'नज' या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की निवड काढून न घेता माणसास हिताच्या दिशेने हलकेच कोपरखळी द्यावी. आणि प्रत्येक अर्जास कोठून तरी सुरुवात असतेच, तेव्हा ती हितकारक असावी.

या मतात तथ्य आहे. काही ठिकाणी कोरी जागा ठेवताच येत नाही. मनुष्य काहीच बोलला नाही तर काय समजावे, हे आधी कोणीतरी ठरवावेच लागते. परंतु दुसऱ्याच्या खिशातून पैसे काढण्याच्या बाबतीत कोरी चौकट ठेवावयास कोणतीच अडचण नसते. तेथे खूण आधी करून ठेवणे ही आपली निवड असते, आणि ती कशाच्या आधारावर केली हे स्वतःस विचारले पाहिजे. कांटनेच १७९५ साली शाश्वत शांतीवरील आपल्या निबंधात एक कसोटी दिली आहे, आणि ती त्या दिवशी आम्ही विद्यार्थिनीस सांगावयास विसरलो. दुसऱ्याच्या हक्कास स्पर्श करणारे जे कृत्य, त्यामागील सूत्र जाहीर करताच फसते, ते कृत्य अन्यायाचे असते. आमच्या चौकटीशेजारी आम्ही असे छापले असते काय: 'आपले लक्ष जाणार नाही अशी आमची अटकळ असल्यामुळे ही खूण आम्हीच करून ठेवली आहे'? छापले असते तर निधी जमला नसता. म्हणजे तो मुलांच्या उदारपणावर जमत नव्हता, त्यांच्या नजरचुकीवर जमत होता. पुस्तके चांगली आली. त्यांतील काही आम्हीच वाचली आहेत. पण दान नावाची जी गोष्ट आम्ही हिशेबात लिहीत होतो, ती घडलीच नव्हती. घेतलेली रक्कम आम्ही परत देऊ शकलो असतो. त्या मुलांकडून देण्याची जी संधी आम्ही काढून घेतली, ती परत देता येण्यासारखी नव्हती.

यात आणखी एक हानी आहे, आणि ती पैशाची नाही. आम्ही वर्गात मुलांस सांगतो की सही करण्यापूर्वी वाचा, हो म्हणण्यापूर्वी विचार करा. त्याच मुलांस दिवसातून शंभर वेळा असे पडदे भेटतात, की जेथे विचार करणे ही अडचण आणि न वाचता पुढे जाणे ही रीत होऊन बसते. 'मान्य आहे' या शब्दांवर बोट ठेवताना आज कोणास काही मान्य केल्यासारखे वाटते काय? संमती ही एक सवय आहे. ती वापरली नाही तर मरते. आणि ज्या समाजात लहान बाबींत संमतीचा अर्थ गेला, तेथे मतपेटीपुढे किंवा इस्पितळातील कागदापुढे तो अर्थ एकाएकी जिवंत होईल, असा भरवसा आम्हांस वाटत नाही.

असो. पुढे काय झाले ते सांगून हे लांबलेले लेखन संपवितो. १ जानेवारीच्या सुमारास त्या विद्यार्थिनीचा फोन आला. नव्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेऊन तिने वरिष्ठांस एक टिपण लिहिले होते. चारांपैकी दोन पडदे गेले, आणि ते खजील करणारे वाक्यही गेले. अक्षरे मात्र फिकटच राहिली. "कायद्याला घाबरून केलं, सर, पटलं म्हणून नाही," ती म्हणाली. आम्ही तिला म्हटले, "अगं, कायद्याला घाबरून का होईना, त्या आयांना दोन पडदे कमी झाले ना?" आणि मग ग्रंथालय-निधीची हकीकत तिला सांगितली. ती काही वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, "मग आता काय करणार, सर?" हा प्रश्न विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार होता.

आम्ही प्रवेश-समितीत विषय मांडला. ग्रंथपालांनी विरोध केला, व त्यांचे म्हणणे अयोग्य नव्हते. पुस्तकांचे भाव वाढले आहेत आणि अनुदान अपुरे आहे. एका सहकाऱ्याने विचारले, की इतकी वर्षे चालले ते आजच का खुपावे? यास आमच्यापाशी चांगले उत्तर नव्हते. आपल्याच सूचनेविरुद्ध बोलताना माणसाच्या आवाजात जोर नसतो. तरी जून २०२४ च्या अर्जात ती चौकट कोरी निघाली, आणि रक्कम ऐच्छिक आहे हे तिच्याशेजारी ठळक अक्षरांत छापले गेले. निधी निम्म्याहून खाली आला. आमच्या विभागाने मागितलेली काही पुस्तके त्या वर्षी आली नाहीत, आणि त्यांतील एकाची उणीव आम्हांस अजून जाणवते. पण त्या वर्षी ग्रंथालयाच्या हिशेबात जी रक्कम दान म्हणून लिहिली गेली, ती कोणीतरी चौकट वाचून, क्षणभर थांबून, स्वतःच्या हाताने खूण करून दिलेली होती.